साडेपाच तास मागे

डिसेंबर २०२४. सकाळचे सात वाजले होते, मी अजून गोधडीत होते आणि तात्यांचा फोन आला. तात्या म्हणजे माझे चुलते. घनसावंगी तालुक्यात आमची शेती आहे, ती तेच बघतात. फोनवर ते हवापाण्याच्या गप्पा कधी मारत नाहीत.

"बाई, तुमच्या कंपनीचं घड्याळ बिघडलंय का?"

"कामून तात्या?"

"मी रातच्याला अडीचला काट्यावर उभा होतो. पावतीवर रात्रीचे नऊ आलेत. अन् तारीख बी कालची."

मी म्हणाले, प्रिंटरचं काहीतरी असेल, बघते. फोन ठेवला आणि अडीचातून नऊ वजा केले. भारतात प्रोग्रॅमिंग करणाऱ्या कुणालाही दोन वेळांमध्ये नेमका साडेपाच तासांचा फरक दिसला की पोटात गोळा येतो. आपलं घड्याळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. पावतीवर जागतिक वेळ छापली जात होती. प्रिंटर बिचारा जे मिळेल ते छापतो. चूक प्रोग्रॅममध्ये होती आणि त्या प्रोग्रॅमला चार दिवसांपूर्वी मीच हात लावला होता. नुसता हात नाही, त्याबद्दल मी ऑफिसच्या ग्रुपवर मिरवलंही होतं.

ते मिरवणं आधी सांगते.

माझं इंजिनिअरिंग संभाजीनगरला झालं, तेव्हा औरंगाबाद. नोकरी पुण्यातल्या एका लहान कंपनीत. आम्ही वजनकाट्यांचं सॉफ्टवेअर करतो. स्टार्टअप म्हटलं की लोकांना वेगळंच काहीतरी डोळ्यासमोर येतं. आमच्याकडे ट्रक, धूळ आणि काटेवाले मामा असतात. जमिनीत बसवलेल्या लोखंडी फलाटावर भरलेली गाडी चढते, खालचे लोड सेल दाबले जातात, केबिनमधल्या इंडिकेटरवर लाल आकडा थरथरून स्थिर होतो. तो आकडा एका वायरीतून छोट्या कॉम्प्युटरमध्ये येतो. तिथून पुढचं काम आमचं: भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, वजाबाकी, पावती आणि मालकाच्या फोनवर हिशोब. जालना हे आमच्यासाठी चांगलं गिऱ्हाईक. एकीकडे भंगार वितळवून सळया करणारे स्टीलचे कारखाने, दुसरीकडे जिनिंग. मी जालन्याची म्हणून जिल्ह्यातले नऊ काटे माझ्या गळ्यात. महिन्यातले दहा-बारा दिवस मी घरूनच काम करते. आईला वाटतं माझं वर्क फ्रॉम होम आहे. खरं तर ते वर्क फ्रॉम काटा आहे.

या काट्यांवर इंटरनेट म्हणजे खिडकीत टांगलेलं डोंगल. आणि आमचा प्रत्येक अपडेट साधारण चारशे एमबीचा.

चारशे एमबी का, हे समजायला कंटेनर म्हणजे काय ते थोडं सांगावं लागेल. जालन्यात हा शब्द नवा नाही. शहराजवळ दरेगावला जेएनपीटीच्या ड्राय पोर्टचं भूमिपूजन २५ डिसेंबर २०१५ ला झालं, तेव्हा मी अकरावी-बारावीत होते आणि समुद्र नसताना बंदर कसं, यावर वर्गात बरेच विनोद झाले होते. मुद्दा साधा होता: माल इथेच लोखंडी पेटीत भरायचा, पेटी सील करायची, पुढे ती ट्रकवर असो, रेल्वेवर असो की जहाजावर, आतला माल कुणी हलवायचा नाही. एप्रिल १९५६ मध्ये माल्कम मॅक्लीन नावाच्या अमेरिकन वाहतूकदाराने अशा ५८ पेट्या एका जहाजावर चढवून न्यूअर्कहून ह्यूस्टनला नेल्या, तिथून हा धंदा फोफावला. सॉफ्टवेअरवाल्यांनी शब्द तिथूनच उचलला. प्रोग्रॅम आणि तो चालायला लागणाऱ्या सगळ्या फाइली एकाच पेटीत भरायच्या, म्हणजे "माझ्या मशीनवर तर चालतंय" हे वाक्य कुणाला उच्चारावं लागणार नाही. २०१३ मध्ये डॉकर आलं आणि ही पेटी भरणं इतकं सोपं झालं की आम्ही सगळे वाट्टेल ते भरू लागलो.

आमची पेटी डिस्कवर १.१ जीबीची होती. त्यात आमचा प्रोग्रॅम किती? १४ एमबी. बाकी एक अख्खी लिनक्सची व्यवस्था, गो भाषेचा कंपायलर, गिट, सी भाषेचा कंपायलर, शेकडो लायब्ररी, आणि बिल्ड करताना तयार झालेला सगळा पसारा. आमच्या आधी कुणीतरी घाईत लिहिलेली कृती होती: कंपायलर असलेली इमेज घ्या, सगळा कोड आत टाका, तिथेच कंपाइल करा, तिथूनच चालवा. इमेज थरांची बनलेली असते आणि न बदललेला थर पुन्हा डाउनलोड करावा लागत नाही, ही खरं तर फार चांगली सोय आहे. पण आमच्या कृतीत कोड टाकणं हीच पहिली पायरी होती. म्हणजे पावतीवरचं एक अक्षर बदललं तरी त्यानंतरचे सगळे थर नवे, आणि पुन्हा चारशे एमबी डोंगलमधून. अपडेट रात्री नऊला लावला तर कधीकधी पहाटेपर्यंत चालायचा. मध्येच वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून.

नोव्हेंबरमध्ये एका जिनिंगवर सलग तीन दिवस अपडेट पूर्ण होईना म्हणून मी स्वतः गेले. अंबड रस्त्याला आहे ती जिनिंग. लॅपटॉपवर टक्केवारी सरकत होती. सरकत होती म्हणजे जवळजवळ नव्हतीच. वेळ घालवायला मी आत शेडमध्ये गेले. कापूस लहानपणापासून बघितलाय, वेचलाय, त्याच्या ढिगावर झोपलेय, पण गावातून गेलेल्या कापसाचं पुढे नेमकं काय होतं ते कधी निवांत बघितलं नव्हतं. पाइपातून कापूस ओढला जातो, यंत्रांच्या रांगेवर पडतो, खालून सरकी गळते आणि समोरून रुई निघते. मग ती प्रेसमध्ये जाते आणि दाबून १७० किलोची गाठ बांधली जाते. मुनीम म्हणाले, "क्विंटलभर कापसातून चौतीस-पस्तीस किलो रुई. गाठ तेवढीच जाते, ताई. सगळा कापूस गुजरातला न्यायचा म्हटलं तर भाडंच परवडायचं नाही."

माझ्या डोक्यात आलं, आपण नेमकं तेच करतोय. बोंडांसकट, सरकीसकट, जिनिंगच्या मशिनीसकट सगळं ट्रकवर चढवून पाठवतोय.

आता, हे काही मला तिथे सुचलेलं नवं ज्ञान नव्हतं. एकाच कृतीत दोन टप्पे लिहायची सोय डॉकरमध्ये २०१७ पासून आहे. पहिल्या टप्प्यात कारखाना: कंपायलर, लायब्ररी, लागेल तो पसारा. दुसऱ्या टप्प्यात नवी कोरी पेटी, आणि पहिल्यातून फक्त तयार झालेली फाइल उचलून तिच्यात ठेवायची. कारखाना तिथेच राहतो, पेटीबरोबर जात नाही. मला हे माहीत होतं. करायला कुणी वेळ दिला नव्हता आणि मीही मागितला नव्हता. त्या दिवशी शेडमधून बाहेर आले, अपडेट ४१ टक्क्यांवर अडकलेला होता, आणि मी सरांना मेसेज केला की मला एक आठवडा द्या.

त्या आठवड्याइतकी मजा नोकरीत क्वचित आली असेल.

नवी पेटी कोणती घ्यायची याचे पर्याय असतात. अल्पाइन नावाचं लिनक्स आहे, जेमतेम काही एमबीचं. गूगलच्या डिस्ट्रोलेस इमेज आहेत, ज्यांच्यात शेल नसतो, पॅकेज मॅनेजर नसतो, फक्त प्रोग्रॅमला लागणाऱ्या मोजक्या फाइली असतात. त्यांचं सगळ्यात लहान रूप साधारण दोन एमबीचं. आणि सगळ्यात टोकाला आहे स्क्रॅच. स्क्रॅच म्हणजे काहीच नाही. एकही फाइल नाही. रिकामं फोल्डरसुद्धा नाही. गो, रस्ट, सी यांसारख्या कंपाइल होणाऱ्या भाषांत हे शक्य असतं, कारण नीट बांधली तर एकच फाइल स्वतःच्या पायावर उभी राहते. पायथनवाल्यांना हे सुख नाही, त्यांना इंटरप्रिटरचं बिऱ्हाड बरोबर न्यावंच लागतं.

मी स्क्रॅच निवडलं. का, ते प्रामाणिकपणे सांगायचं तर दोन एमबी वाचवायला नाही. "आमच्या इमेजमध्ये आमच्या प्रोग्रॅमशिवाय काहीही नाही" हे वाक्य मला म्हणायचं होतं.

पहिल्याच दिवशी तोंडावर आपटले. पेटीत फाइल ठेवली, चालवली, आणि उत्तर आलं: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी. फाइल समोर दिसतेय आणि मशीन म्हणतंय अशी फाइलच नाही. हा संदेश जगातल्या सर्वांत दिशाभूल करणाऱ्या संदेशांपैकी आहे. नसते ती आपली फाइल नाही, तिला मेमरीत चढवणारा लोडर. आमचा प्रोग्रॅम काट्यावरच्या नोंदी एसक्यूलाइटमध्ये ठेवतो, आणि आम्ही वापरत होतो ती एसक्यूलाइटची लायब्ररी सी भाषेतली. त्यामुळे फाइल स्वतःच्या पायावर उभी नव्हती, ती सी लायब्ररीच्या खांद्यावर बसलेली होती आणि पेटीत खांदाच नव्हता. अल्पाइनमध्येही तेच झालं असतं, कारण तिथली सी लायब्ररी वेगळ्या जातीची आहे. शेवटी एसक्यूलाइटची शुद्ध गो भाषेत उतरवलेली आवृत्ती घेतली, सीजीओ बंद केलं, आणि फाइल सुटी झाली.

दुसरी अडचण, सर्व्हरशी बोलणं बंद. अनोळखी संस्थेने सही केलेलं प्रमाणपत्र, अशी तक्रार. सुरक्षित जोडणी करताना समोरचा खरा आहे का हे तपासायला विश्वासू संस्थांची एक यादी लागते, ती लिनक्समध्ये एका फाइलीत असते. आमच्याकडे फाइलच नाही म्हणजे जगात कुणावरच विश्वास नाही. ती फाइल पहिल्या टप्प्यातून उचलून आणली. तिसरी अडचण वायरीची. रूट नसलेल्या युजरने प्रोग्रॅम चालवायचा, तर काट्याची वायर वाचायला त्याला एका ठरावीक गटात टाकावं लागतं. पण गटांची नावं लिहिलेली फाइल पेटीत नाही, म्हणून नावाऐवजी आकडा द्यावा लागला.

प्रत्येक वेळी काहीतरी मोडायचं, मोडलेलं दिसायचं आणि मी दुरुस्त करायचे. याची सवय लागते. हळूहळू आपण धरून चालतो की जे लागणार आहे ते ओरडून सांगेल.

शुक्रवारी इमेज तयार झाली. पेटी जेमतेम १४ एमबीची, डाउनलोड करताना दाबून सहाच्या आत. सुरक्षा तपासणाऱ्या स्कॅनरने जुन्या इमेजमध्ये शेकडो दोष दाखवले होते, त्यातले बहुतेक आम्ही कधी न वापरलेल्या पॅकेजांतले. नव्या पेटीत लिनक्सच्या पॅकेजांतला एकही नाही. शोधायला काही उरलंच नव्हतं. मी ग्रुपवर दोन आकडे शेजारीशेजारी टाकले, १.१ जीबी आणि १४ एमबी. रॉकेटच्या इमोजींचा पाऊस पडला. अंबड रस्त्यावरच्या जिनिंगवर अपडेट चाळीस सेकंदांत झाला. मुनीमजींनी फोन करून विचारलं, "ताई, झालं का खरंच?"

आणि चार दिवसांनी तात्या.

फोन ठेवल्यावर मी सवयीने त्या काट्यावरच्या मशीनला जोडलं आणि कंटेनरच्या आत शिरायला गेले. आत काय चाललंय ते बघायचं असेल तर आपण शेल उघडतो, दोन-चार कमांड देतो. शेल नाही, असं उत्तर आलं. बरोबरच आहे, मीच काढला होता. चोराला आत घुसून काही करता येऊ नये म्हणून काढला होता, आणि आता मीच दाराबाहेर उभी. वेळ दाखवणारी कमांड नाही, फाइलींची यादी दाखवणारी कमांड नाही. मग अख्खी पेटी बाहेरच्या मशीनवर उलगडून बघितली. आमची फाइल, प्रमाणपत्रांची फाइल, आणि डॉकर स्वतःहून ठेवतो त्या दोन-तीन. संपलं.

वेळेचे विभाग ही माहितीसुद्धा एक फाइल असते हे मला माहीत होतं. माहीत असून आठवलं नाही. जगातल्या प्रत्येक विभागाची एक बारीकशी फाइल असते, आपली "एशिया/कोलकाता" नावाची. तिच्यात नुसतं साडेपाच तास एवढंच नसतं, इतिहास असतो. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली, तरी मुंबईने स्वतःची, ३९ मिनिटं मागे असलेली वेळ १९५५ पर्यंत चालू ठेवली होती. कलकत्त्याचीही १९४८ पर्यंत वेगळी वेळ होती. शहरांच्या अशा वेगळ्या वेळा तिच्यात नसतात, पण प्रमाणवेळ कोणत्या तारखेला किती पुढे धरायची हे त्या फाइलीत असतं, आणि तिचा आकार तीनशे बाइटच्या आत. एका लांब व्हॉट्सअॅप मेसेजपेक्षा कमी.

जुन्या, लठ्ठ इमेजमध्ये ती होती. लिनक्सबरोबर एक आली होती आणि गो कंपायलरबरोबर आणखी एक. सरकीबरोबर तीही गेली. आणि गो भाषेची खोड अशी की वातावरणात "वेळ कोलकात्याची" असं सांगून ठेवलं असेल आणि ती फाइल सापडली नाही, तर प्रोग्रॅम ओरडत नाही. चुपचाप जागतिक वेळ धरतो आणि कामाला लागतो.

मी चाचणी केली नव्हती का? केली होती. पुण्यात, दुपारी साडेतीनला. पावती छापली, वजन तपासलं, गाडी नंबर तपासला, मराठी अक्षरं नीट आलीत का ते बघितलं. ती पावती अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. तिच्यावर सकाळचे दहा वाजलेत. तारीख मात्र बरोबर, कारण दिवसा साडेपाच तास मागे गेलं तरी तारीख तीच राहते. तारीख चुकते ती फक्त रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळेत. एका काटेवाल्याच्या लक्षात आलं होतं की घड्याळ मागे चालतंय. पण वजन बरोबर येतंय ना, मग जाऊ दे, म्हणून त्याने कळवलं नाही. माझाही त्याच्यावर राग नाही. काट्यावर कुणीही आधी वजनच बघतं.

पण रात्री बारा ते साडेपाच काट्यावर कोण असतं?

हंगामात जिनिंगबाहेर ट्रॅक्टरांची रांग लागते. दुपारी निघालेला माणूस रात्री कधीतरी काट्यावर चढतो, थंडीत ट्रॉलीवरच झोपून. त्या वर्षी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७५२१ रुपये होता आणि बाजारातला भाव त्याच्या खालीच घुटमळत होता. सरकारी खरेदीत नोंदणी, ओलावा, थांबणं आलं. हातात पैसे हवेत तो खासगीत घालतो. तात्यांनी तेच केलं. आणि त्या जिनिंगची पद्धत अशी की काट्यावर ज्या तारखेला वजन, त्या तारखेचा भाव. आदल्या दिवशी ६९५० होता, त्या दिवशी ७०५०. तात्यांचा कापूस २२ क्विंटल. फरक २२०० रुपयांचा. तेव्हा वेचणी किलोला दहा रुपये चालली होती, म्हणजे चार-पाच बायकांची दिवसभर वाकून केलेली वेचणी.

दुरुस्तीला वीस मिनिटंही लागली नाहीत. गो भाषेत २०२० पासून सोय आहे, एक ओळ लिहिली की वेळेची सगळी माहिती प्रोग्रॅमच्या आतच बसते. वजन वाढतं साडेचारशे केबी. त्याहून शहाणपणाचं म्हणून मी स्क्रॅच सोडून डिस्ट्रोलेसवर गेले. त्यात प्रमाणपत्रं, वेळेच्या फाइली, साधा युजर, तात्पुरत्या फाइलींची जागा हे सगळं आधीच असतं, कारण माझ्याआधी अनेकांनी हेच खड्डे खाऊन ती यादी केलेली आहे. पेटी दोन एमबीने वाढली. नऊच्या नऊ काट्यांवर साडेनऊपर्यंत नवी आवृत्ती पोचली. लहान इमेजचा हा फायदा खरा, जुनी असती तर दुरुस्ती पोचायला दुसरी रात्र उजाडली असती.

मग मी अहवाल लिहिला. इंग्रजीत चार ओळी: पावतीवर वेळ दाखवण्यात त्रुटी, कारण सापडलं, दुरुस्त केलं, वजनावर परिणाम नाही. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पाठवला. सरांचा अंगठा आला. मी चहा केला.

दुपारी जेवताना आईने विचारलं, तात्यांचं काय झालं मग? मी सांगितलं, दुरुस्त केलं. ती म्हणाली, "त्यांची पावती बी?"

पावती दुरुस्त झाली नव्हती. छापलेल्या पावत्या कोण दुरुस्त करणार? मी परत बसले आणि चार रात्रींतल्या नोंदी काढल्या. बारा ते साडेपाच या वेळेतल्या ६१. त्यातल्या ४० स्टीलच्या भंगाराच्या, त्यांना तारखेने फरक पडत नव्हता. उरल्या २१ कापसाच्या. त्यातल्या १३ पावत्यांच्या वेळी मध्यरात्रीच्या अलीकडे-पलीकडे भाव वेगळा होता. नऊ जणांना कमी पैसे मिळाले होते आणि चौघांना जास्त, कारण एका दिवशी भाव उतरलाही होता.

अहवाल परत पाठवला, या वेळी तेरा ओळींच्या तक्त्यासह. सरांनी फोन केला. ते चिडले नव्हते, दमलेले वाटले. म्हणाले, "गिऱ्हाईकाला आपण स्वतःहून हे सांगायचं म्हणतेस?" मी म्हणाले, हो. थोडा वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "तूच सांग. तुझ्या जिल्ह्यातले आहेत."

मालकासमोर बसून मी लॅपटॉप उघडला आणि कंटेनर, इमेज असं काहीतरी सुरू केलं. त्यांनी हात वर केला. "चूक तुमची ना?" हो. "लोक किती?" तेरा. ज्यांना कमी गेले त्यांचा फरक जिनिंगने द्यायचा आणि तो आमच्या वार्षिक बिलातून कापायचा, असं पाच मिनिटांत ठरलं. ज्यांना जास्त गेले त्या चौघांचं काय, असं मुनीमजींनी विचारलं. मालक म्हणाले, "कापूसवाल्याकडून पैसे परत मागायला कुणी जाणार आहे का? तुम्ही जाता?" कुणी गेलं नाही.

नऊपैकी सात जणांना पैसे पोचले. दोन पावत्यांवर नावाच्या जागी फक्त गाव लिहिलेलं होतं, पैसे रोख दिलेले, आणि गाडी नंबर ट्रॅक्टरचा. त्या दोन्ही गावांत फोन करून झालं. एक ट्रॅक्टर भाड्याचा निघाला, त्याच्या मालकाला त्या रात्री कुणाचा माल होता ते आठवेना. दुसऱ्याचा पत्ताच लागला नाही. दोघांचे मिळून ३१०० रुपये जिनिंगच्या वहीत अजून येणं म्हणून मांडलेले आहेत. मुनीमजींनी मला ते पान दाखवलं.

तात्यांचे २२०० आले त्या दिवशी मी गावाला गेले होते. ओट्यावर बसून त्यांना सगळं सांगितलं. तीन वर्षांत माझं काम त्यांनी पहिल्यांदाच नीट ऐकून घेतलं असेल.

"म्हणजे घड्याळ तू काढलंस."

"हो."

"कामून?"

"वजन कमी करायला."

"किती वजन होतं त्याचं?"

"तीनशे बाइट. त्याहून कमीच."

"किलोत किती?"

"किलोत नाही येत ते, तात्या."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं ते काट्यावर दोन किलो मारणाऱ्या व्यापाऱ्याकडे बघतात. मग काकूला हाक मारून म्हणाले, चहा टाक, हिला पुण्याला जायचंय.

आता आमच्या प्रत्येक आवृत्तीची चाचणी रात्री पावणेतीनला घड्याळ लावून होते, म्हणजे खोटं घड्याळ, मी झोपलेलीच असते. पेटी सुरू होताना वेळेची फाइल सापडली नाही तर प्रोग्रॅम चालूच होत नाही, मोठ्याने ओरडून बंद पडतो. पावतीवर वेळेपुढे "भारतीय वेळ" असं छापलं जातं. एका सहकाऱ्याने विचारलं, हे कशाला, दुसरी कोणती वेळ असणार आहे? मी त्याला ड्रॉवरमधली पावती दाखवली.

तात्या या हंगामात तीन वेळा काट्यावर गेले. तिन्ही वेळा मला व्हॉट्सअॅपवर एकेक फोटो आला, मजकूर काही नाही. फोटोत डाव्या हातात पावती, उजव्या हातात काकूचा फोन, फोनवर घड्याळ. शेवटच्या फोटोत फोनवर ३:१२ आहे आणि पावतीवर ३:११.